पडझडीचे टक्के कोण मोजणार?

महोदय,

जूनच्या पहिल्या आठवड्यात तापीकाठच्या आमच्या गावात वादळ शिरले. आई म्हणते, असले वावधन तिने जन्मात पाहिले नाही. घराच्या बावीस पत्र्यांपैकी नऊ उडाले. एक तर शेजाऱ्याच्या केळीत घडासकट झाडाला गुंडाळलेला सापडला.

केळीचे पंचनामे दोन दिवसांत झाले, ते बरेच झाले. घराचा मात्र अकराव्या दिवशी. तोवर पावसात धान्य भिजेल म्हणून आम्ही उसनवारी करून पत्रे बसवले होते. अधिकारी वर बघून म्हणाले, "घर तर चांगलं दिसतंय!" मोबाइलमधले फोटो दाखवले. त्यांनी "अंशतः, पंधरा टक्क्यांपेक्षा कमी" असे लिहिले आणि विषय संपला.

२०२२ ते २०२६ साठीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत, किमान पंधरा टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत. सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,०००. मधल्यांचे काय? अर्धी भिंत खचलेला माणूस साडेसहा हजारांत गवंड्याची मजुरी तरी भागवेल का? शिवाय हा टक्का नुसत्या नजरेने ठरतो, टेप कुणी काढत नाही.

वादळानंतर तीन दिवसांत घरांचे पंचनामे व्हावेत, घरमालकाने काढलेले फोटो ग्राह्य धरावेत आणि पंचनाम्याची प्रत जागेवरच मिळावी. माझी प्रत अजून मिळालेली नाही.

– एक केळी उत्पादक, जि. जळगाव