चुन्याच्या पाण्यातला मका

शिकागो, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

दर रविवारी फोनवर आई सर्वांत आधी माझ्या जेवणाचे विचारते आणि मी "जेवले गं" एवढेच सांगून विषय बदलते. काल मात्र मी असे जेवण जेवून आले, की ते फोनवर घाईघाईने सांगण्यापेक्षा बसून नीट लिहावे असे वाटले. कारण त्याचा आईच्या दुखऱ्या मनगटाशी संबंध आहे.

प्रयोगशाळेतली माझी एक सहकारी मला तिच्या घराजवळच्या मेक्सिकन खाणावळीत घेऊन गेली. तिचे आईवडील मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यातून इथे आले आहेत. शहराच्या त्या भागाला पिल्सेन म्हणतात. हे नाव पूर्वी तिथे राहिलेल्या चेक लोकांनी आपल्याकडच्या गावावरून ठेवले. पण गेली कित्येक दशके ही वस्ती मेक्सिकन लोकांची म्हणूनच ओळखली जाते. बाबा, तुम्ही माळकरी आहात, म्हणून आधीच सांगते की मी काही निषिद्ध खाल्लेले नाही. या लोकांच्या घोटलेल्या घेवड्यात पुष्कळदा डुकराची चरबी असते, हे मैत्रिणीने मला जाण्यापूर्वीच सांगितले होते. तिने स्वयंपाकघरात विचारून तेलात केलेला काळा घेवडा मागवला. त्यात एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला असतो आणि पोटात वायू धरू नये म्हणून तो घालतात. आई वालाच्या उसळीत ओवा घालते, तसाच.

खाणावळीच्या दारातच एक वयस्क बाई तव्यापाशी उभी होती. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवायचा, लाकडी दाबयंत्राची दांडी खाली करायची आणि निघालेली चकती तव्यावर टाकायची, एवढेच तिचे काम अखंड चालले होते. दुसऱ्यांदा उलटल्यावर ती चकती टम्म फुगे आणि तिला आपल्या भाकरीसारखाच पापुद्रा सुटे. मी जेवायचे विसरून तिथेच उभी राहिले. हीच तोर्तिया. आपल्याकडच्या दुकानांत त्या नावाने मैद्याची पांढरी पोळी विकतात, तिच्यात आणि हिच्यात काहीच साम्य नाही.

मला खरे नवल वाटले ते पिठाचे. आपण मक्याचे कोरडे पीठ दळून आणतो आणि त्याची भाकरी थापताना ती कडेला चिरते, हे आईला ठाऊकच आहे. गव्हाला असतो तसा चिकटपणा मक्यात नसतो. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षांपासून मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच भिजत ठेवतात. किलोभर मक्याला साधारण दहा ग्रॅम चुना लागतो. आजीच्या पानाच्या डब्यात असे, तोच हा विझवलेला चुना. सकाळपर्यंत दाण्यांची साले सुटतात, ती चोळून धुऊन टाकतात आणि ओला मकाच वाटतात. असे तयार केलेले दाणे म्हणजे निश्तमाल. चुन्यामुळे पीठ लवचीक होते आणि मक्यात अडकून राहिलेले एक जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपात मका गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. म्हणून इटलीत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा कातडी सोलवटणारा रोग झाला. ज्या बायकांनी ही रीत शोधली आणि लेकींना शिकवली, त्यांतल्या एकीचेही नाव कुठे लिहिलेले नाही, याचे मला कालपासून फार वाईट वाटते आहे.

बाबा, एक पदार्थ खास तुमच्यासाठी सांगायचा आहे. पावसाळ्यात मक्याच्या कणसावर राखाडी फुगे धरतात, तीच काणी. तुम्ही अशी कणसे उपटून बांधापलीकडे जाळत होता. इथे तिला वित्लाकोचे म्हणतात, ती कोवळी असतानाच काढतात आणि ती मक्यापेक्षा महाग विकली जाते. मी ती तोर्तियात घालून खाल्ली. चव अळंबीसारखी, मातकट आणि किंचित गोडसर होती. तुम्ही मात्र घरी करून पाहू नका. ज्वारीवरची काणी ही निराळीच बुरशी आहे.

जेवणाबरोबर गर्द लाल रंगाचे आंबट सरबत आले आणि पहिल्या घोटातच मी ओळखले, की ही लाल अंबाडीची बोंडे आहेत. तिकडे त्याला हामाइकाचे पाणी म्हणतात. उदगीरच्या घराच्या अंगणात सुपात वाळत घातलेली बोंडे डोळ्यांपुढे आली आणि मला थोडा वेळ बोलता येईना. मैत्रिणीने काही विचारले नाही, नुसता माझा पेला पुन्हा भरला.

आता आईच्या मनगटाविषयी. डॉक्टरांनी थापणे बंद करायला सांगितल्यापासून घरात भाकरी होत नाही आणि बाबा मुकाट्याने पोळी खातात, हे तुम्ही दोघेही मला सांगत नसलात तरी मला कळते. काल रात्री मैत्रिणीचे दाबयंत्र घरी आणले आणि इथल्या भारतीय दुकानातले ज्वारीचे पीठ कढत पाण्यात मळून पाहिले. पहिल्या दोन भाकरी कागद सोडवतानाच फाटल्या. तिसऱ्या वेळी मी पाणी जास्त कढत घेतले, गोळा बराच वेळ मळला आणि वीतभर रुंदीची अखंड भाकरी निघाली. ती आईच्या भाकरीहून जाड होती, पण तव्यावर फुगली. मी ती मिठाच्या खड्याबरोबर उभ्यानेच खाल्ली.

डिसेंबरमध्ये येताना मी एक दाबयंत्र घेऊन येत आहे. दांडी बाबांनी दाबावी, गोळे आईने करावेत. तोवर, आई, तू परातीत पाणी नेमके केव्हा ओततेस, आधण आल्याबरोबर की जरा निवल्यावर, ते या रविवारी फोनवर मला नीट सांग. आणि यंदाची अंबाडीची बोंडे वाळवून एक डबा माझ्या मैत्रिणीच्या आईसाठी बाजूला ठेव.

तुमची मोठी लेक