मशीन नको, सहा महिने द्या

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मार्च महिना आला की आमच्या तालुक्यात शिलाई मशीन वाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. कंपन्यांना वर्ष संपायच्या आत सीएसआरचा, म्हणजे कायद्याने समाजकामावर खर्चायचा, पैसा खर्ची पडलेला दाखवायचा असतो आणि मशीन ही त्यासाठी फार सोयीची वस्तू आहे. बिल मिळतं, फोटो निघतो, आकडा अहवालात बसतो. एकल महिलांसोबत काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेचा हिशेब मी बघते. असे कार्यक्रम मीही भरवलेत, खुर्च्या मांडल्यात, हार आणलेत. तेव्हा यातली निम्मी तक्रार माझ्याबद्दलचीच समजा.

एका वाटपानंतर पाच महिन्यांनी मी एका बाईच्या घरी गेले. नवरा वारलेला, दोन मुलं शाळेत, सासू अंथरुणाला खिळलेली. मशीन कोपऱ्यात होतं. वर जुनं लुगडं झाकलेलं आणि त्यावर मुलांची दप्तरं. बाई खुरपणीला गेली होती. संध्याकाळी भेटली तेव्हा ओशाळून म्हणाली, "ताई, शिवायला बसले की रोज बुडतो." गावात आधीच पाच-सात जणी ब्लाउज शिवतात. बाया त्यांना सोडून हिच्याकडे वळायच्या तर हिचा हात बसायला हवा, आणि हात बसायला महिने लागतात. तोवर किराणा कोणी भरायचा? प्रशिक्षण झालं, वस्तू मिळाली. मधल्या दिवसांतलं पोट मात्र कुणाच्याच यादीत नव्हतं.

यावर उत्तर सापडलेलं नाही असंही नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ साली अतिगरीब बायकांसाठी एक पद्धत सुरू केली. शेळ्या किंवा दुकानाचा माल असं कमाईचं साधन द्यायचं, पण सोबत काही महिने खर्चाला थोडे रोख पैसे, बचतीची सवय आणि नियमाने घरी येणारं एक माणूस. हीच पद्धत सहा देशांत करून बघितली गेली. आपल्याकडे ती पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात झाली. दहा हजारांहून जास्त कुटुंबांचा तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मदत थांबून वर्ष झाल्यावरही एकंदरीत ही कुटुंबं इतरांपेक्षा बरं खात होती, जास्त कमावत होती. (होंडुरासमध्ये वाटलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि तिथे मिळकतीचं फारसं जमलं नाही, तेही त्या अभ्यासात आहे. असं आपल्या अहवालांत कधी वाचायला मिळतं का?) बिहार सरकारने २०१८ पासून याच धर्तीवर सतत जीविकोपार्जन योजना चालवली आहे. म्हणजे हे सरकारला झेपतं.

मग आपल्याकडे देणगीदार अशी मदत का देत नाहीत? मी विचारून बघितलं. एका कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, घरी जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हा प्रशासकीय खर्च आहे आणि त्याला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. मला ते खरंच वाटलं होतं. नंतर नियम वाचला. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कामकाजाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यातून वगळलेला आहे. कंपनी कायदा केंद्राचा, मान्य. पण देशात सीएसआरचा सर्वांत जास्त पैसा महाराष्ट्रात खर्च होतो. आपण कंपन्यांना एका टेबलाशी बोलावून हा नियम नीट वाचून दाखवलात तरी चार संस्थांचा जीव भांड्यात पडेल.

आता खरी अडचण सांगते, आणि ती सरकारच्या दारातली आहे.

आमच्या एका देणगीदाराने काही बायकांना वर्षभर दरमहा दोन हजार रुपये द्यायची तयारी दाखवली. अट एकच, पैसे बँकेतून जायला हवेत. मला वाटलं, बायका खूश होतील. त्यातल्या एकीने मला बाजूला घेतलं. "ताई, खात्यात नको, हातात द्या." तिला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात. त्या योजनेसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. आमचे दोन हजार गुणिले बारा म्हणजे २४ हजार. मदत घेतली की निराधारपण संपलं!

२१ हजार म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा नाहीत. इतक्यात आज कुणाचंही घर चालत नाही, हे दाखला देणाऱ्याला माहीत असतं, घेणारीलाही माहीत असतं. तरी दोघं मिळून तो आकडा लिहितात. आपल्याच खात्याच्या लाडकी बहीण योजनेत ही मर्यादा अडीच लाख आहे. रक्कम तीच, दीड हजार. ज्या बाईला नवरा नाही तिने जास्त गरीब असल्याचं सिद्ध करायचं, हे मला कधीच कळलेलं नाही. निराधार योजना सामाजिक न्याय खात्याकडे आहे, ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत आपल्या दोघांच्या खुर्च्या फार लांब नसाव्यात.

परित्यक्तांचं तर विचारूच नका. विधवेकडे निदान मृत्यूचा दाखला असतो. टाकलेल्या बाईकडे काय असतं? घटस्फोट झालेला नाही, नवरा दुसरं घर करून बसलेला आणि ही माहेरी, भावाच्या रेशनकार्डावर. सरकारी मोजणीत त्या घराचा कुटुंबप्रमुख भाऊच. २०११च्या जनगणनेत देशातली साधारण ११ टक्के घरं स्त्रीप्रमुख निघाली, पण मुलांचं सगळं एकटीने करणारी ही बाई त्यात कुठेच नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला, तेव्हा आमच्या ऑफिसात रांग लागली होती. वडील वारलेत आणि नवरा फोन उचलत नाही, ओटीपी कुणाकडून आणायचा?

माझं मागणं मोठं नाही. निराधार योजनेची मर्यादा लाडकी बहीणच्या बरोबरीला आणा. ते होईपर्यंत निदान एक परिपत्रक काढा, की धर्मादाय संस्थेकडून किंवा सीएसआरमधून ठरावीक मुदतीसाठी मिळालेली मदत उत्पन्नात धरली जाणार नाही. परित्यक्तेसाठी ग्रामसभेचा ठराव किंवा अंगणवाडी सेविकेने केलेली चौकशी पुरावा म्हणून चालू द्या. गावात कोण एकटी राहते हे त्यांना कागदाशिवायही माहीत असतं. आणि कंपन्यांना सांगा की वस्तूसोबत पहिले सहा महिने रोख रक्कम आणि एक माणूस देणार असाल तरच आपण कार्यक्रमाला याल.

त्या देणगीदाराला मी जूनपर्यंत थांबायला सांगितलं आहे. त्याचा दोनदा फोन येऊन गेला. बायका विचारत नाहीत, पण बुधवारच्या बैठकीत माझ्या तोंडाकडे बघतात. परिपत्रक निघणार असेल तर पैसे खात्यात टाकते. नसेल तर काय करायचं, तेवढं कळवा.

आपली,
एकल महिलांच्या संस्थेतली एक हिशेबनीस