परवान्याची बंदूक घरात कुठे ठेवली आहे?

महोदय,

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि आमच्या कोकणातले शेतकरी, रानडुकरे भाताची नासाडी करतील म्हणून, त्यातून सूट मागतात. ती मागणी रास्तच आहे. परंतु या बंदुका एरवी घरात कशा ठेवल्या जातात, याची चौकशी कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या वडिलांकडे पीक संरक्षणासाठी परवाना मिळालेली ठासणीची बंदूक होती. या बंदुकीची अडचण अशी की, एकदा दारू आणि छरे ठासले की ती सहजासहजी रिकामी करता येत नाही, बार उडवावाच लागतो; आणि रात्री डुक्कर फिरकलेच नाही तर तो फुकट कशाला घालवायचा, म्हणून वरची केप, म्हणजे चापाच्या ठोक्याने बार पेटवणारी छोटी टोपी, तेवढी काढून भरलेली बंदूक तशीच माजघरातल्या खुंटीला अडकवली जाते. आमच्याकडे केपांची डबी देवळीत, पणतीशेजारी असे. सातव्या वर्षी माझा हात तिथवर पोहोचत होता. काही विपरीत घडले नाही, ते केवळ नशिबाने.

शहरातही निराळे नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांना जुहूच्या घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातून पडले, असे तेव्हा सांगण्यात आले. कपाटात ठेवायचे शस्त्र भरलेले का होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, ती हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या पिस्तुलाने, असे तपासात पुढे आले. म्हणजे परवाना एकाच्या नावे आणि चाप ओढणारा दुसराच.

परवाना मागताना बहुतेक जण स्वसंरक्षणाचे कारण देतात. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट आढळला होता आणि मारणारे बहुतांशी घरचे किंवा ओळखीचेच होते. आपल्याकडची परिस्थिती वेगळी असली, तरी रागाच्या भरात किंवा नैराश्याच्या एखाद्या रात्री कपाटाची किल्ली कोणाच्या हाती लागेल, ही काळजी दोन्हीकडे सारखीच आहे.

शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, हे चांगलेच झाले. परंतु परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षे झाली, त्यामुळे नूतनीकरणाच्या निमित्ताने होणारी विचारपूसही लांबली. सुरक्षित साठवणुकीची हमी कागदावर घेऊन न थांबता, बीट अंमलदाराने वर्षातून एकदा घरी येऊन बंदूक कुलपात आहे का आणि काडतुसे वेगळ्या जागी, वेगळ्या किल्लीखाली आहेत का, हे पाहावे. घरात कोणी मानसिक ताणाखाली असेल, तर कुटुंबीयांच्या साध्या अर्जावर शस्त्र ठाण्यात ठेवून घेण्याची सोय असावी. भातकापणीनंतर ज्यांना बंदूक लागत नाही त्यांच्यासाठीही हीच सोय करता येईल. ज्यांना काजूच्या हंगामातही ती लागते, त्यांनी निदान केपांची डबी देवळीतून हलवावी.

– एक वाचक, कणकवली (जि. सिंधुदुर्ग)