कूट नसलेल्या खिचडीबद्दल

आक्का, साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही ‘गप गं’ म्हणून हातात चहाचा कप द्याल, म्हणून असं चारचौघांत लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला माझ्या चिमीनं अर्धा तिळाचा लाडू खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. संशय तिळावर होता, तपासणीत निघाला शेंगदाणा. शेंगदाणा कुळानं कडधान्यातला, पण मूग-मसूर तिला चालतात. शेंगदाणा मात्र कणभरही नको आणि इंजेक्शन कायम जवळ. ऐकायला सोपं वाटतं. कोल्हापुरात राहून शेंगदाणा टाळायचा म्हणजे पंचगंगेत उतरून कोरडं राहण्यातली गत! वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला तर कूटच कूट. भेळ-भडंगात दाणे. वर हौसेनं आणलेलं लाकडी घाण्याचं शेंगतेल. ऍलर्जी दाण्यातल्या प्रथिनाची, आणि रिफाइंड तेलातनं ते जवळजवळ निघून जात असलं तरी घाण्याच्या तेलात उरतं.

‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ हे मी किती जणींकडून ऐकलं, मोजलं नाही. एकीनं तर रोज चिमूट-चिमूट चारायला सांगितलं, अंगवळणी पडेल म्हणे. तसलं डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात, घरच्या ओट्यावर नव्हे.

तुम्ही सल्ला दिला नाहीत. विचारलंत, “मिक्सरचं भांडं धुतलं तर चालंल, का वेगळंच पायजे?” त्या झाकणाच्या रबरात अडकलेला कूट मला तोवर दिसलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी तुमच्या फळीवर लाल दोरा बांधलेलं भांडं आलं, शेजारी तसल्याच दोऱ्याची कढई आणि उलथनं. तुमच्या खानावळीच्या गर्दीतसुद्धा त्या कढईला कुणी हात लावला की तुमचा आवाज गल्लीत ऐकू यायचा.

पण मला विसरता येत नाही तो चटणीचा दिवस. मिरच्या, खोबरं, तीळ सगळं वाळवून-भाजून तयार, आणि तुम्ही पहाटेच डंकावर, चटणी कुटायच्या गिरणीत, जाऊन पहिला नंबर लावलात. आदल्या रात्री शेवटी काय कुटलं ते विचारलंत. कूट! मग उखळ पुसून घेतलंत, तुमच्याच मूठभर मिरच्या कुटून टाकून दिल्यात, पुन्हा पुसलंत. डंकवाला वैतागला, “आक्का, एवढ्याशा पोरीसाठी?” तुम्ही पदरानं नाक झाकत म्हणालात, “एवढीशी हाय म्हणूनच.” मी तिथं ठसका लागल्याचं निमित्त करून रडून घेतलं.

फुटाण्यांचंही तुम्हीच ओळखलंत. भडभुंज्याच्या एकाच कढईत, एकाच वाळूत दाणे आणि फुटाणे भाजतात, हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं असतं?

मागच्या संकष्टीला चिमी तुमच्या पंगतीत सगळ्यांबरोबर बसली. ताटात साबुदाण्याची खिचडी, ओलं खोबरं घातलेली. शेजारच्या पोरानं तिच्या ताटात बोट घालायच्या आत ती ओरडली, “आधी हात धू!” अगदी तुमच्या सुरात.

डॉक्टर म्हणतात, पाचांतल्या साधारण एका मुलाची ही ऍलर्जी पुढं निघून जाते. बघू.

तुमचा लाल दोऱ्याचा डबा माझ्याकडंच राहिलाय. रिकामा कसा पाठवू? चुरमुऱ्याचा चिवडा केलाय, डाळं घरीच भाजलंय. उद्या चिमीच घेऊन येईल.

तुमची,
चिमीची आई