रामसेंचा हिशेब आणि दशावताराचा पेटारा

मा. संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला भयपटांवरचा लेख वाचला. आजच्या भुतांचं कौतुक करता करता लेखकाने हिंदीत भुतांचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंना एका फटक्यात केरात काढलं आहे. म्हणे, '१९७२ साली सुरू झालेला स्वस्त कचरा'. यातला 'स्वस्त' हा शब्द तेवढा बरोबर आहे.

आधी सालाचं बघू. या घराण्याचे निर्माते म्हणजे फतेहचंद रामसे. मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांची जीभ काही त्या आडनावाला वळेना, म्हणून त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि सिनेमात पैसे घातले. तेही भुतावर नव्हे, भगतसिंगांवर, १९५४ साली. पुढे १९६३ मध्ये 'रुस्तम सोहराब' काढला, त्यात पृथ्वीराज कपूर आणि सुरैया होते. १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' मात्र सपशेल आपटला. त्यात पृथ्वीराज मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात असा एक प्रसंग होता. मुलांनी थेटरात बसून पाहिलं, तर एरवी चुळबुळ करणारं पब्लिक तेवढ्या प्रसंगाला चिडीचूप. घरात तोटा आलेला असताना मुलं बापाला सांगायला गेली की आता फक्त एवढंच करू या. बापाने ऐकलं. निर्माता म्हणून फतेहचंदांचं मोठेपण मला त्या ऐकण्यात दिसतं.

मग आला १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे'. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. बसमध्ये माणसं आणि सामान भरलं आणि महाबळेश्वरला मुक्काम टाकला. घरच्या बायका स्वयंपाकाला होत्या. सात भावांपैकी तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, कुमार लिहायला, केशू निर्मितीच्या धावपळीला. हे सगळं ते कुठल्या संस्थेत शिकले नव्हते. काश्मीरला हाउसबोटीत राहून, छायाचित्रणाचं एक इंग्रजी पुस्तक पुढ्यात ठेवून, एकमेकांना शिकवत तयार झाले होते. मोठा नट घ्यायचा नाही, सेट लावायचा नाही, एखादा जुना वाडा गाठायचा. आपल्या किनाऱ्यावर मुरुडलाही, नवाबाच्या राजवाड्यात, त्यांची शूटिंगं झाली आहेत.

आता मी हे का लिहितोय ते सांगतो. मी सिंधुदुर्गातल्या एका थेटरात बरीच वर्षं प्रोजेक्टरवर ऑपरेटर होतो. 'आमचे चित्रपट चालतात ते जिथे रेल्वेसुद्धा थांबत नाही अशा गावांत', असं रामसे म्हणत. आमच्याकडे रेल्वे थांबायचा प्रश्नच नव्हता. 'पुराना मंदिर' आला १९८४ ला आणि कोकण रेल्वे पुरती सुरू झाली १९९८ ला! प्रिंट यायची एसटीच्या टपावरून, पत्र्याच्या पेट्यांत. ती आमच्यापर्यंत पोचेस्तोवर चार गावं फिरून दमलेली असे, ठिकठिकाणी तुटून जोडलेली. 'पुराना मंदिर'मधला तो राक्षस, सामरी. राजा त्याचं मुंडकं उडवतो, मुंडकं एका पेटीत बंद करतो आणि धड दुसरीकडे पुरतो. आमच्याकडे प्रिंटचंही तेच झालं. एक पेटी आली आणि दुसरी कणकवली स्टँडवरच राहिली. मालकाने माणूस धाडला. तोवर पब्लिक दीड तास बसून होतं, एकानेही तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. मोठ्या नटाच्या सिनेमाला एवढी सबुरी मी पाहिली नाही.

आमच्या लोकांना हा प्रकार इतका पटकन कसा उमगला, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं नाही. आम्ही दशावतार बघत मोठे झालो. एक पेटारा, पायपेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नाही. नट स्वतःचा रंग स्वतःच लावतो, रात्री राजा झालेला माणूस सकाळी सामान उचलतो. एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत, ठरलेल्या पैशात. काळा संकासुर लाल जीभ काढून आला की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात, आणि थोड्या वेळाने तोच संकासुर सगळ्यांना हसवणार. कंपनीच्या मालकाला बिदागी किती, माणसं किती आणि आज कोणाच्या अंगात ताप आहे, हे तोंडपाठ असतं. फतेहचंद रामसे मला तसे मालक वाटतात. दशावताराला कोणी कचरा म्हणत नाही. आता म्हणत नाही, असं म्हणायला हवं. एके काळी म्हणणारे होते.

म्हणून त्यांचं सगळंच गोड होतं असं नाही. बायकांना पाण्यात भिजवायची हौस फार. विनोदी भाग तर अशक्य. 'पुराना मंदिर'मध्ये 'शोले'ची लांबच लांब नक्कल आहे, ती सुरू झाली की मी केबिनच्या दारात येऊन विडी ओढून घ्यायचो. आणि त्यांचं भूत आमच्याकडचं कधीच नव्हतं. ठाकूर, हवेली, तांत्रिक, हे सगळं घाटापलीकडच्याही पलीकडचं. शेवटचा खेळ सुटल्यावर लोक बॅटऱ्या पेटवून घोळक्याने घरी निघत, तेव्हा एक म्हातारी दर वेळी म्हणायची, "ह्येच्यापेक्षा आमचो देवचार बरो, तो निदान वाट तरी दाखयता." देवचार म्हणजे आमच्याकडचं, गावाची राखण करणारं भूत. तरी पुढच्या सिनेमाला ती हजर.

सिनेमे 'ए' सर्टिफिकेटचे. पोरं कोळशाने मिशा काढून यायची. डोअरकीपर आपल्याच पुतण्याला ओळखत नसल्यासारखा आत सोडायचा.

लेखकाने आणखी एक गोष्ट सोडली आहे, आणि आम्हाला ती सर्वांत जास्त लागली. १९९३ ला याच घराण्याने टीव्हीवर 'झी हॉरर शो' सुरू केला. ज्यांच्या सिनेमांनी आमचा शेवटचा खेळ वर्षानुवर्षं तारला, त्यांनीच तो घराघरात नेऊन ठेवला. अंधारातून चालत यायची गरज संपली. आमच्या मालकांना राग आला नाही. "त्यांका पण पोट आसा," म्हणाले, आणि आठवड्यातले दोन रात्रीचे खेळ बंद केले. पुढे थेटरही बंद झालं, पण त्याची कारणं अनेक, ती रामसेंच्या माथी मारता येणार नाहीत.

तेव्हा पुढच्या अंकात सालाची दुरुस्ती छापावी. 'कचरा' हा शब्द मागे घ्यायचा की नाही ते लेखकाने ठरवावं.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर, जि. सिंधुदुर्ग

ता.क. लेखात सामरीच्या 'हास्यास्पद राक्षसा'चा उल्लेख आहे. ते काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. हे मला फार उशिरा कळलं. पावसाळ्यात आमचं छप्पर पडद्याच्या बरोबर वर गळायचं आणि सामरीच्या कपाळावरून पाण्याचा ओघळ खाली यायचा. पब्लिकला वाटायचं, सिनेमातच आहे.