हायड्रोजन बंध परीक्षानळीत दाखवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अकरावी-बारावीच्या विज्ञान प्रात्यक्षिकांवर आपल्या शिक्षण पानावर पत्रे येत आहेत, म्हणून मीही लिहिते आहे. कराड परिसरात कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनसारख्या अणूचे असलेले हलके आकर्षण, आपण फळ्यावर तुटक रेषा काढून उरकतो. पाणी 100 अंशांना का उकळते, बर्फ का तरंगतो, नायलॉनचा धागा मजबूत का असतो, एवढे सांगितले की धडा संपला. पाण्यातला असा एक बंध तोडायला मोलमागे साधारण 20 किलोज्यूल लागतात आणि रेणूच्या आतल्या ओ-एच सहसंयुज बंधाला 460 च्या आसपास, हे आकडे मुले पाठ करतात. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, ‘इतका कमकुवत बंध डीएनएच्या दोन साखळ्या कसा धरून ठेवतो?’ तिला उत्तर द्यायला एक प्रयोग आहे आणि तो अभ्यासक्रमात यावा, ही माझी मागणी आहे.

पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही पॉलिमर, म्हणजे छोटे घटक जोडून झालेल्या लांब साखळ्या, पाण्यात छान विरघळतात. दोघांची एकेक टक्क्याची द्रावणे करा. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ असतात. ग्लायकॉल मात्र 20,000 रेणुभाराचे घ्या. आता दोन्ही एकत्र करा. नळी क्षणात दुधाळ होते आणि थोड्या वेळाने तळाशी पांढरा चिकट साका बसतो. आम्लाच्या कार्बॉक्सिल (-COOH) गटांनी ग्लायकॉलच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने धरलेले असते.

यातली खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या नळीत तेवढ्याच वजनाचे, पण 400 रेणुभाराचे ग्लायकॉल टाका. द्रावण स्वच्छच राहते! ऑक्सिजन तेच, बंध तोच, तरी काही घडत नाही. पाण्यात प्रत्येक कार्बॉक्सिल गटाला पाण्याचे रेणू आधीच बिलगलेले असतात. ते सोडून ग्लायकॉलचा एखादा ऑक्सिजन धरण्यात त्याचा विशेष फायदा नसतो. साखळी लांब असली की गोष्ट बदलते. एक बंध सुटला तरी शेजारचे बंध साखळी जागेवर धरून ठेवतात आणि तो पुन्हा जुळतो. शिवाय एका साखळीच्या बदल्यात पाण्याचे कितीतरी रेणू मोकळे होतात. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या दोन नळ्यांत आहे.

मग साक्यावर थोडे खाण्याच्या सोड्याचे द्रावण घाला. बुडबुडे येतात आणि ढवळत राहिले की नळी पुन्हा स्वच्छ होते. कार्बॉक्सिल गटाने हायड्रोजन गमावला, मग बंध कशाने करायचा? विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू (pH) 3 च्या खाली आणा, साका परत येतो. मुले हे पुन:पुन्हा करून बघतात, त्यांना थांबवावे लागते.

बारावीच्या हुशार मुलांना एक पायरी पुढे नेता येईल. अ‍ॅक्रिलिकऐवजी पॉलिमेथाक्रिलिक आम्ल घेतले तर साखळीवर एकेक मिथिल गट वाढतो आणि बरेच आखूड ग्लायकॉलही धरले जाते. त्याचे संकुल, म्हणजे दोन पॉलिमरांची बांधली गेलेली जोडी, पाण्यात कोमट केले की सैल न पडता आणखी घट्ट होते. निव्वळ हायड्रोजन बंध असता तर उष्णतेने ढिला पडला असता. इथे पाण्याला टाळणारे मिथिल गटही एकमेकांजवळ येऊन हातभार लावतात. संकुलाच्या स्थिरतेचे सगळे श्रेय एकाच बंधाला देऊ नये, हे यातून कळते.

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. जखमेवर लावायच्या तांबूस पोव्हिडोन-आयोडिनमध्येही पाण्यात विरघळणारा पॉलिमर आयोडिनला धरून ठेवतो आणि त्यात हायड्रोजन बंधाचा वाटा आहे. 10 टक्क्यांच्या द्रावणात उपलब्ध आयोडिन 1 टक्का असते. त्यातलेही एका वेळी अगदी थोडे मोकळे असते, म्हणून ते टिंक्चरसारखे झोंबत नाही. औषधनिर्माणशास्त्राकडे जाणाऱ्या मुलांना हे अकरावीतच दिसायला हवे.

प्रयोगाला महागडे उपकरण लागत नाही. परीक्षानळ्या, सामूचे कागद, विरल आम्ल आणि सोडा प्रत्येक प्रयोगशाळेत असतातच. दोन पॉलिमर तेवढे विकत आणावे लागतील आणि एक टक्क्याची द्रावणे असल्याने थोडी पावडर पुष्कळ तुकड्यांना पुरेल. आम्लाची पावडर शिक्षकांनीच नाका-डोळ्यांपासून जपून विरघळवून ठेवावी, मुलांच्या हाती तयार द्रावणच द्यावे. प्रात्यक्षिकांची यादी पुढच्या वेळी ठरवताना मंडळाने याला एक तासिका द्यावी, अशी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, कराड