चावी आणि दाभण

मामा,

शाळेचे शिपाई म्हणून तुमच्या निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, सगळे बोलले, मी तेवढी गप्प बसले. वर्गात दिवसभर ओरडणारा माझा आवाज चारचौघांत कुठे जातो कोण जाणे. म्हणून आज हे सगळ्यांसमोर लिहितेय.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आपल्या शाळेत मी 2016 मध्ये बदलून आले. ऑफिसात पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याला कुलूप. कारण विचारलं तर कळलं, डेडस्टॉकमधलं, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीतलं, पुस्तक हरवलं तर वसुली कपाटाचा चार्ज असलेल्या शिक्षकाच्या पगारातून. न वाचलेल्या पुस्तकाची वसुली कुणाकडूनच होत नाही. त्यामुळे दर तपासणीला पुस्तकं जागच्या जागी. वाळवीनं खाल्लेली दोनसुद्धा.

मुलांच्या हातात फक्त पाठ्यपुस्तक. आठवीपर्यंत ते मोफत मिळतं, हे थोडं नाही. नाक्यावर काम मिळेल त्या दिवशी चूल पेटणाऱ्या घरांत तर नाहीच. पण त्यात मोठ्या गोष्टीचा उतारा असतो, तो संपला की लगेच स्वाध्याय. मुलं विचारायची, "बाई, पुढं काय झालं?" पुढचं त्या कुलपात होतं.

एका शनिवारी तुम्ही चावी माझ्या टेबलावर ठेवलीत. "न्या बाई. हरवलं तर माझ्या नावावर लिवा." वसुली तुमच्याकडून होणार नव्हती, हे तुम्हालाही ठाऊक होतं. पण मला लाज वाटली, आणि सोमवारी कपाटाचा चार्ज मी स्वतःहून मागून घेतला.

त्यानंतर सातवीला रोज शेवटची पंधरा मिनिटं गोष्ट. एकच प्रत, मी वाचायची, पट अठ्ठावन्नचा. ऐकून ऐकून मुलं पुस्तक घरी मागू लागली, आणि पुस्तकं फाटू लागली. तिथे तुमचं दाभण कामाला आलं. शाळेत लागण्याआधी तुम्ही तुर्भ्याच्या दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती शिवायचात. त्याच हातानं तुम्ही सुटलेली पानं शिवलीत, वर खाकी कागदाचं कव्हर घातलंत. बाइंडिंग कसलं, पोत्याचीच शिलाई ती! पण एकही पान पुन्हा सुटलं नाही.

नारायण सुर्वे शिकवताना मी सांगितलं, हे कवी आधी मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. साऱ्या वर्गानं मान वळवून दाराकडे पाहिलं. तुम्ही तिथे तास द्यायला निघाला होतात. "मामा, तुम्ही पण कविता करता?" तुम्ही म्हणालात, "मी घंटा करतो," आणि गेलात. त्या दिवशी तास चार मिनिटं उशिरा झाला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पण एरवी खालच्या मानेनं बसणाऱ्या मुलांनी त्या कवितेवर जेवढे प्रश्न विचारले, तेवढे मला बीएडच्या वर्गातही कुणी विचारले नव्हते.

इतक्या वर्षांत तीन पुस्तकं हरवली. एक यंदा दिवाळीत परत आलं. नेणारी मुलगी आता महापेच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. "बाई, धाकट्याचं वाचून व्हायचं होतं," म्हणाली.

मामा, दाभण तुम्ही ड्रॉवरमध्येच ठेवून गेलात. सातवीतला एक मुलगा आता पुस्तकं शिवतो, पण त्याचे टाके तिरके जातात आणि मला ते शिकवता येत नाही. शनिवारी सकाळची शाळा असते. तेवढं येऊन बघा.

तुमच्या,
मराठीच्या बाई